भारतीय वायुसेना : प्रारंभीचा काळ

ब्रिटिश अमदानीत ८ ऑक्टोबर १९३२ रोजी कायद्याने स्थापन झालेले हवाई दल. प्रत्यक्ष उड्डाण करणारी पहिली तुकडी, म्हणजे क्रमांक १ स्क्वाड्रन, १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या द्रिग रोड तळावर उभी राहिली. तिच्याकडे चार वापिती विमाने, इंग्लंडमधील क्रॅनवेलच्या हवाई दल महाविद्यालयात शिकलेले पाच भारतीय वैमानिक आणि विमानांची देखभाल करणारे १९ ‘हवाई सिपाही’ होते. नेतृत्व मात्र सेसिल बाउचर या ब्रिटिश अधिकाऱ्याकडे होते.

भारतीयांना विमान चालवता येते का, हा प्रश्न खरे तर पहिल्या महायुद्धातच निकालात निघाला होता. इंद्रलाल रॉय यांनी जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दहा हवाई विजय मिळवले आणि त्याच महिन्यात एकोणिसाव्या वर्षी ते धारातीर्थी पडले. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकरही त्याच वर्षी फ्रान्सच्या आघाडीवर कामी आले. तरीही क्रॅनवेलचे दार भारतीयांसाठी उघडायला सैन्यातील अधिकारपदांच्या भारतीयीकरणाचा विचार करणाऱ्या स्कीन समितीची शिफारस आणि १९३० साल यावे लागले. ही दिरंगाई कौशल्याच्या अभावामुळे नव्हती; अधिकारपद भारतीयाच्या हाती द्यायची सरकारची तयारी नव्हती.

वापिती हे उघड्या कॉकपिटचे, दोन आसनी, दुपंखी विमान. जुन्या डीएच-९ए विमानांचे सुटे भाग वापरता यावेत अशीच त्याची रचना होती. काम मुख्यतः भूदलाला साहाय्य करण्याचे. खाली सैनिक दोन खांबांवर दोरी ताणून तिला निरोपाची पिशवी बांधत. वैमानिक विमान जमिनीलगत आणून पोटाखालच्या आकड्याने ती अलगद उचलून नेई. वेग, उंची आणि दिशा तिन्ही एकाच क्षणी जुळली तरच हे साधे. पहिल्याच वर्षी पाचांपैकी दोघे वैमानिक अपघातात गेले. ही विमाने उडण्याजोगी ठेवणाऱ्या हवाई सिपायांची आठवण मात्र फारशी काढली जात नाही. त्यांच्यापैकी हरजिंदर सिंग पुढे एअर व्हाइस मार्शल झाले.

१९३७ च्या सुमारास स्क्वाड्रनने वायव्य सरहद्दीवरील वझिरिस्तानात मीरानशाहहून मोहिमा केल्या. मार्च १९३९ मध्ये सुब्रतो मुखर्जी तिचे पहिले भारतीय प्रमुख झाले. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हाही दलात हे एकच स्क्वाड्रन होते.

१९४१ मध्ये मुंबईच्या युद्धनिधीतून स्क्वाड्रनला बारा लायसँडर विमाने मिळाली. फेब्रुवारी १९४२ मध्ये ती ब्रह्मदेशातील टाउंगू येथे पोहोचली आणि जपान्यांनी लगेच तळावर बाँब टाकले. लायसँडर हे टेहळणीचे, संथ विमान. तरीही दुसऱ्याच दिवशी स्क्वाड्रनचे तेव्हाचे प्रमुख के. के. मजुमदार यांनी त्याला २५० पौंडी बाँब लावून जपानी विमानतळावर प्रतिहल्ला चढवला. १९४४ च्या इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली हेच स्क्वाड्रन हरिकेन विमाने उडवत होते.

युद्ध संपेपर्यंत स्क्वाड्रनची संख्या नऊवर गेली. मार्च १९४५ मध्ये दलाच्या नावाला ‘रॉयल’ हे उपपद लागले; प्रजासत्ताक होताच, १९५० मध्ये, ते गळाले. फाळणीत विमाने आणि माणसे वाटली गेली. पहिल्या पाचांपैकी ऐझाद बक्ष अवान पाकिस्तानच्या हवाई दलात गेले. मुखर्जी भारतात राहिले आणि १ एप्रिल १९५४ रोजी, क्रमांक १ स्क्वाड्रनच्या स्थापनेला बरोबर २१ वर्षे झाली त्या दिवशी, वायुसेनेचे पहिले भारतीय प्रमुख झाले.