ओव्हरक्लॉकिंग
ओव्हरक्लॉकिंग : संगणकाचा प्रोसेसर उत्पादकाने ठरवून दिलेल्या कंप्रतेपेक्षा (दर सेकंदाच्या स्पंदनांच्या संख्येपेक्षा) अधिक कंप्रतेवर चालविण्याची पद्धत. प्रस्तुत नोंदीत डेस्कटॉप संगणकाचा, आणि त्यातही प्रोसेसरच्या आयुर्मानाचा विचार प्रामुख्याने केला आहे.

या पद्धतीच्या आरंभाबद्दल एकमत नाही. आयबीएमच्या पीसी एटी (१९८४) या संगणकात १२ मेगॅहर्ट्‌झचा स्फटिक (ठरावीक लयीत स्पंदने देणारा घटक) असे आणि प्रोसेसर त्याच्या निम्म्या, म्हणजे ६ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेवर चाले. हौशी मंडळी तो स्फटिक काढून १६ मेगॅहर्ट्‌झचा बसवीत व ८ मेगॅहर्ट्‌झ मिळवीत. पुढे आयबीएमने रॉममध्येच (संगणक सुरू करणाऱ्या कायम स्मृतीतच) वेगाची तपासणी घालून ही वाट बंद केली. काही लेखक मात्र १९९० च्या दशकातील, जंपर (जोडणी बदलण्याची लहान टोपी) हलवून कंप्रता बदलता येणाऱ्या मदरबोर्डांपासून (संगणकाच्या मुख्य फलकांपासून) आरंभ धरतात. उत्पादकाला बंदोबस्त करावा लागला, त्या अर्थी १९८० च्या दशकाच्या मध्यास ही प्रथा बऱ्यापैकी रुजलेली असावी. त्यामुळे पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. व्यापक प्रसार झाला तो इंटेलच्या सेलेरॉन ३००ए (१९९८) या प्रोसेसरमुळे. त्याचा गुणक (बसच्या कंप्रतेला ज्या आकड्याने गुणून प्रोसेसरची कंप्रता ठरते तो) ४.५ ला बंदिस्त होता. पण बसची (प्रोसेसरला इतर भागांशी जोडणाऱ्या मार्गाची) कंप्रता ६६ वरून १०० मेगॅहर्ट्‌झ केली की ३०० मेगॅहर्ट्‌झचा प्रोसेसर ४५० वर चाले.

गुणक बंदिस्त करण्यामागे स्वस्त प्रोसेसरवर जास्त वेगाची खोटी खूण छापून विकणाऱ्यांना आळा घालण्याचा हेतू होता, असे सांगितले जाते. महागड्या प्रोसेसरांचा खप जपणे हेही कारण असू शकेल.

प्रोसेसर झिजतो तो मुख्यतः वाढीव व्होल्टेज आणि तापमान यांमुळे. केवळ कंप्रतेने फारसा नाही. प्रोसेसरची गतिक शक्ती (काम करताना खर्च होऊन उष्णता बनणारी वीज) व्होल्टेजच्या वर्गाच्या व कंप्रतेच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज तेच ठेवून कंप्रता १० टक्के वाढवली, तर ही शक्तीही सुमारे १० टक्केच वाढते. दोन्ही १० टक्के वाढवल्यास वाढ ३३ टक्क्यांवर जाते. धातूच्या सूक्ष्म वाहिन्यांमधील अणू विद्युत्‌ प्रवाहाबरोबर सरकत जातात, यास इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. अभियंता जेम्स ब्लॅक यांच्या १९६९ मधील समीकरणानुसार वाहिनीचे सरासरी आयुष्य प्रवाहघनतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते आणि तापमानाबरोबर घातांकी वेगाने घटते. इंटेलचे नॉर्थवुड पेंटियम ४ (२००२) हे प्रोसेसर सुमारे १.७ व्होल्टच्या वर चालविल्यास काही काळाने अचानक बंद पडत, त्याचा दोष सहसा इलेक्ट्रोमायग्रेशनला दिला जातो. पातळ गेट ऑक्साइडचे (ट्रान्झिस्टरमधील विद्युतरोधी थराचे) भंजन हे दुसरे स्पष्टीकरणही दुर्लक्षण्याजोगे नाही.

म्हणून आयुर्मान जपायचे असेल, तर आधी मूळ व्होल्टेजवरच कंप्रता टप्प्याटप्प्याने वाढवावी, प्रत्येक टप्प्यावर प्राइम९५ सारख्या, प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणाऱ्या आज्ञावलीने कस पाहावा आणि अडखळल्यास एक पायरी मागे यावे. पुढे व्होल्टेज वाढवायचेच झाल्यास ते अगदी थोडे वाढवावे. बायोसमधील (संगणक सुरू करणाऱ्या मूळ आज्ञावलीतील) ‘ऑटो’ या पर्यायावर विसंबू नये. तो अनेकदा गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज देतो. इंटेलच्या १३ व्या व १४ व्या पिढीतील काही प्रोसेसर तर ओव्हरक्लॉकिंग न करताही अतिरिक्त व्होल्टेजमुळे खराब झाले. २०२४ मध्ये कंपनीने मायक्रोकोड (प्रोसेसरमधील अंतर्गत आज्ञा) बदलून व्होल्टेजची मागणी १.५५ व्होल्टवर रोखली. मेमरीचा वेग वाढवितानाही हीच दक्षता हवी. रायझन ७००० मालिकेतील काही प्रोसेसर जळाल्यानंतर २०२३ मध्ये एएमडीने एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधील मेमरी-नियंत्रक इत्यादी भागांच्या व्होल्टेजला) १.३ व्होल्टची मर्यादा घातली.

लोड-लाइन कॅलिब्रेशनचा (भार पडल्यावर होणारी व्होल्टेजची घट भरून काढणारा) पर्याय विशेष जपून वापरावा. भार पडताच व्होल्टेज किंचित खाली येते व ते तसे येणे इष्टच असते. ही घट पूर्णपणे रोखणारी कडक पातळी निवडल्यास भार उतरण्याच्या क्षणी व्होल्टेज उसळते. ही उसळी इतकी अल्पकालीन असते की तापमान-व्होल्टेज दाखविणाऱ्या नेहमीच्या सॉफ्टवेअरात ती उमटत नाही. मधली पातळी पुरेशी असते.

नेहमीचा कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. डिसेंबरात नागपुरात स्थिर ठरलेली मांडणी मे महिन्यात पुन्हा तपासावी लागते. बऱ्याच इंटेल प्रोसेसरांत १०० अंश सेल्सियसला वेग आपोआप उतरतो, परंतु ती संरक्षणाची सीमा आहे. दीर्घकाळ भार असताना तापमान तिच्या बरेच खाली राहील, इतकीच वाढ करावी.

ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेली हानी इंटेल व एएमडी यांच्या नेहमीच्या हमीत येत नाही.