कौटुंबिक मध्यस्थीची पार्श्वभूमी : समेटापासून वाटाघाटींपर्यंत

विभक्त होणाऱ्या जोडप्याबरोबर बसणारा कौटुंबिक मध्यस्थ आज दोन मर्यादा पाळतो. तो निवाडा देत नाही आणि मोडलेला संसार पुन्हा जोडण्याचा आग्रहही धरत नाही. मुले कोणाकडे राहतील, घराचे काय होईल, पोटगी किती आणि किती काळ, हे प्रश्न त्या दोघांनी समोरासमोर बसून सोडवावेत, यासाठी बोलण्याची रीत आणि सुरक्षितता पुरवणे एवढेच त्याचे काम असते. या मर्यादा आज स्वाभाविक वाटत असल्या, तरी त्या सापडायला बराच काळ जावा लागला. मध्यस्थीचा इतिहास बव्हंशी या दोन मर्यादांच्या शोधाचा इतिहास आहे.

नात्यातले तंटे न्यायालयाबाहेर सोडवण्याचा एक धाडसी प्रयोग फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या काळात झाला. ऑगस्ट १७९० च्या कायद्याने पती-पत्नी, आईवडील आणि मुले, भावंडे यांच्यातील वाद कौटुंबिक न्यायाधिकरणापुढे नेण्याचे बंधन घातले. दोन्ही बाजूंनी आपापल्या नातेवाइकांतून, ते नसतील तर मित्र किंवा शेजाऱ्यांतून पंच निवडायचे आणि त्यांनी निर्णय द्यायचा, अशी ती रचना होती. सप्टेंबर १७९२ च्या घटस्फोट कायद्यानेही परस्परसंमतीने वेगळे होणाऱ्यांना किमान सहा नातेवाइकांच्या किंवा मित्रांच्या सभेपुढे उभे राहायला लावले. कुटुंबाला कुटुंबाचे प्रश्न बाहेरच्यापेक्षा चांगले कळतात, हा त्यामागचा विश्वास होता. प्रत्यक्षात नातेवाइकांच्या जागी पुष्कळदा कायद्याचे जाणकारच पंच म्हणून बसू लागले आणि १७९६ मध्ये ही न्यायाधिकरणे बंद झाली. माझ्या मते या रचनेत दोष मुळातच होता. ज्या नातेवाइकांना कोणाची तरी बाजू घ्यावीच लागते, त्यांच्याच हाती निकाल सोपवला होता.

पुढचा महत्त्वाचा टप्पा अमेरिकेतला. कॅलिफोर्नियाने १९३९ मध्ये कायदा करून समेट न्यायालयांची वाट मोकळी केली आणि लॉस एंजेलिसमधील समेट न्यायालय पुढे विशेष नावारूपाला आले. तिथे समुपदेशक होते आणि बोलणी खासगीत होत, पण सारा रोख संसार वाचवण्यावर होता. कॅलिफोर्नियाचा १ जानेवारी १९७० पासून अमलात आलेला कायदा आणि इंग्लंडमध्ये १९७१ च्या आरंभी लागू झालेला सुधारित घटस्फोट कायदा यांनी चित्र बदलले. कॅलिफोर्नियात दोष सिद्ध करण्याची गरजच उरली नाही. इंग्लंडमध्येही विवाह सावरण्यापलीकडे गेला आहे का, हा प्रश्न केंद्रस्थानी आला. चूक कोणाची, यावरचा वाद मागे पडताच मुले, घर आणि पैसा हे खरे प्रश्न उघडे पडले, आणि त्यांवर बोलणी घडवून आणणारी यंत्रणा मात्र कुठेच नव्हती.

ती उणीव नेमकेपणाने ओळखण्याचे श्रेय ब्रिटनमधील फायनर समितीच्या १९७४ च्या अहवालाला द्यायला हवे. एकपालक कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्या या समितीने दोन कामांत स्पष्ट फरक केला. जोडप्याला पुन्हा एकत्र आणणे हे एक काम, आणि वेगळे होण्याचे परिणाम कमीत कमी कटुतेने निभावण्यासाठी मदत करणे हे दुसरे. वरवर साध्या दिसणाऱ्या या फरकामुळे, ज्यांना एकत्र यायचेच नाही अशा माणसांनाही बोलायला बसण्याचे कारण मिळाले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिस्टलमध्ये या विचारावर आधारलेली सेवा सुरू झाली. त्याच सुमारास अटलांटामध्ये ओ. जे. कूगलर या वकिलाने घटस्फोटाच्या वाटाघाटींसाठी ठरावीक टप्प्यांची पद्धत बसवली. कामगार तंट्यांत मुरलेले जॉन हेन्स यांनीही आपले कौशल्य कुटुंबांकडे वळवले.

या पद्धतीचा गाभा आजही फारसा बदललेला नाही. मध्यस्थ प्रथम प्रत्येकाला एकटे भेटतो, कारण दुसऱ्यासमोर जे सांगता येत नाही ते आधी कळणे आवश्यक असते. मग कोणत्या मुद्द्यांवर बोलायचे ते दोघे मिळून ठरवतात आणि उत्पन्न, कर्ज, बचत यांचा तपशील एकमेकांसमोर उघड करतात. हा तपशील दडवला गेला तर पुढची तडजोड टिकत नाही. त्यानंतरचे काम सर्वांत कष्टाचे असते. ‘घर विकायचेच’ आणि ‘घर विकू देणार नाही’ अशा दोन ठाम मागण्या समोर असताना, त्यांच्या तळाशी एकाची कर्जाच्या हप्त्यांची धास्ती आणि दुसऱ्याची मुलांची शाळा तुटण्याची भीती असू शकते. त्या दोन्ही बोलून दाखवल्या गेल्या की, शालेय वर्ष संपेपर्यंत विक्री थांबवून हप्ते विभागून भरणे, असा न्यायालयाला सहसा न सुचणारा मार्ग निघू शकतो. बोलण्यातली विधाने पुढे पुरावा म्हणून वापरता येणार नाहीत, या हमीवाचून कोणी मोकळेपणाने असे पर्याय मांडणार नाही. शेवटी मसुदा तयार होतो, दोघे तो आपापल्या वकिलांना दाखवतात आणि गरजेनुसार न्यायालयाची मोहोर घेतात.

याचा परिणाम किती टिकतो, याविषयी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमरी यांनी अमेरिकेत केलेला अभ्यास फार मोलाचा आहे. मुलांच्या ताब्यावरून वाद असलेली कुटुंबे त्यांनी यादृच्छिक पद्धतीने मध्यस्थीकडे किंवा न्यायालयीन मार्गाकडे पाठवली. बारा वर्षांनंतर, मुले ज्यांच्याजवळ राहत नव्हती अशा पालकांपैकी मध्यस्थीच्या गटातले सुमारे ३० टक्के पालक मुलांना आठवड्यातून किमान एकदा भेटत होते. न्यायालयीन गटात हे प्रमाण ९ टक्के होते. अभ्यासातील कुटुंबांची संख्या लहान होती, हे लक्षात ठेवायला हवे. तरीही काही तासांच्या बोलण्याचा असर इतकी वर्षे राहावा, ही दुर्लक्ष करण्याजोगी बाब नाही.

असे फायदे दिसू लागल्यावर सरकारांना सक्तीचा मोह पडला. कॅलिफोर्नियाने १९८१ पासून ताब्याच्या वादांत मध्यस्थी अनिवार्य केली. नॉर्वेने १९९१ च्या विवाह कायद्याने सोळा वर्षांखालील मुलांच्या पालकांसाठी तसेच केले. ऑस्ट्रेलियाने २००६ च्या सुधारणेबरोबर देशभर ६५ कौटुंबिक संबंध केंद्रे उभारण्याचे काम हाती घेतले. भारतात १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने तडजोडीचा प्रयत्न न्यायालयाचे कर्तव्य ठरवले आणि २०२३ मध्ये मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा आला. इंग्लंडचा अनुभव मात्र सावध करणारा आहे. तिथे २०१३ मध्ये बहुतेक कौटुंबिक दाव्यांसाठीची सरकारी कायदेशीर मदत बंद झाली. वकील परवडणार नाहीत म्हणून लोक मध्यस्थांकडे वळतील ही अपेक्षा होती, पण मध्यस्थीची प्रकरणे उलट घटली, कारण जोडप्यांना मध्यस्थांकडे पाठवणारे वकीलच होते. एप्रिल २०१४ पासून अर्जदाराला दाव्याआधी मध्यस्थीची माहिती देणाऱ्या बैठकीला जाणे बंधनकारक करावे लागले.

सक्तीवरचा गंभीर आक्षेप याहून जुना आहे. कायद्याच्या अमेरिकी प्राध्यापिका ट्रिना ग्रिलो यांनी १९९१ मध्ये येल विद्यापीठाच्या कायदेविषयक नियतकालिकात दाखवून दिले की, बंद दाराआडच्या अनिवार्य बैठकीत स्त्रीचा न्याय्य संताप ‘असहकार’ ठरू शकतो आणि दुबळ्या बाजूला कायद्याने दिलेले संरक्षण तिथे विरून जाऊ शकते. स्त्रियांवरील आणि घरगुती हिंसा रोखण्यासाठी झालेल्या युरोप परिषदेच्या २०११ च्या इस्तंबूल कराराने अशा हिंसेच्या प्रकरणांत मध्यस्थीची सक्ती करण्यास मनाई केली. आधीच्या स्वतंत्र भेटीत मारहाण, धाक, आर्थिक कोंडी यांची चौकशी करणे, गरज पडल्यास दोघांना वेगळ्या खोल्यांत बसवणे आणि धोका दिसताच बैठक थांबवणे, हे मध्यस्थाच्या कर्तव्यात मोडते. तिथे हयगय होत असेल, तर त्या मध्यस्थीला मदत म्हणणेच चुकीचे आहे.

नातेवाईक या इतिहासातून बाहेर पडले नाहीत, ते वेगळ्या भूमिकेत परतले. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने, तिथल्या मूळनिवासी माओरी समाजाच्या तक्रारींची दखल घेत, अडचणीतल्या मुलांसाठी कुटुंब परिषद आणली. तिथे आजीआजोबा, काका, आत्या एकत्र बसून योजना आखतात, समन्वयक मात्र बाहेरचा असतो. पुढे नातवंडांची भेट, वृद्ध आईवडिलांची देखभाल आणि वारसा यांवरून भावंडांत होणाऱ्या वादांतही मध्यस्थ बोलावले जाऊ लागले. या वादांची जातकुळी थोडी निराळी आहे. घटस्फोटाची तडजोड बहुधा न्यायाधीशाच्या नजरेखालून जाते, तर आईला कोण किती दिवस सांभाळणार आणि खर्च कसा वाटायचा, हे ठरवणारा कागद न्यायालयापर्यंत सहसा पोहोचतच नाही. त्यामुळे अशा करारात आईचे स्वतःचे म्हणणे नोंदवणे, आणि तिची प्रकृती बदलल्यावर सर्वांनी पुन्हा केव्हा बसायचे ते आधीच लिहून ठेवणे अत्यावश्यक ठरते.