राखीव मतदारसंघ आणि तिकिटाचा कोटा: दोन्ही एक नव्हेत

लोकसभा आणि विधानसभांतल्या एकतृतीयांश जागा महिलांसाठी राखून ठेवणारा नारी शक्ती वंदन अधिनियम सप्टेंबर २०२३मध्ये संसदेत मंजूर झाला, तेव्हापासून "बायकांना ३३ टक्के मिळाले" असं सर्रास म्हटलं जातं. एखाद्या पक्षाने ४० टक्के तिकिटं महिलांना दिली की त्यालाही लोक आरक्षणच म्हणतात. या दोन व्यवस्था वेगळ्या आहेत, आणि बाईचं पाऊल कुठे अडतं हेही दोन्हींत वेगळं आहे.

मतदारसंघ राखीव झाला की तिथे उभ्या राहणाऱ्या सगळ्या महिलाच असतात. मतदान सगळे करतात आणि कुठलाही पक्ष जिंकला तरी निवडून बाईच येते. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, महापालिका इथे हे आपण महिला आरक्षण आणणाऱ्या ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीपासून पाहतो आहोत. महाराष्ट्रात २०११पासून या राखीव जागांचं प्रमाण ५० टक्के आहे. सोडतीच्या दिवशी शाळकरी मूल बरणीतून चिठ्ठी काढतं, आणि सभागृहात कुजबुज सुरू होते: "वॉर्ड महिला पडला." वर्षानुवर्षं तिथे काम केलेल्या माजी नगरसेवकाचा चेहरा उतरतो. संध्याकाळपर्यंत कार्यकर्ते म्हणू लागतात, "मग वहिनींना उभं करू." आठवड्याभरात फ्लेक्स लागतो, त्यावर वहिनींचा फोटो छोटा आणि साहेबांचा मोठा.

म्हणून आरक्षण फसवं आहे, असं मी अजिबात मानत नाही. यातल्या कित्येक वहिनी पुढे स्वतः बैठका घेऊ लागल्या, बजेट वाचू लागल्या, अधिकाऱ्यांना जाब विचारू लागल्या. खरा घात होतो तो नंतर. पुढच्या निवडणुकीत वॉर्ड खुला होतो, आणि पाच वर्षांत जी बाई तयार झाली तिलाच पक्ष सांगतो, "आता साहेब लढतील." खुल्या जागेवर बाईला बंदी नसते. बंदी पक्षाच्या डोक्यात असते.

इथेच तिकिटाच्या कोट्याचा प्रश्न येतो. कोट्यात पक्ष आपल्या उमेदवारांपैकी अमुक टक्के महिला देतो. कधी स्वतःहून देतो, कधी कायद्याच्या सक्तीने. मतदारसंघ खुलाच राहतो, समोर पुरुष उमेदवार असू शकतो, आणि जिंकण्याची हमी नसते. त्यामुळे किती तिकिटं दिली यापेक्षा कुठली दिली हे पाहावं लागतं. तमिळनाडूत नाम तमिळर कच्ची हा पक्ष निम्मी तिकिटं महिलांना देतो, पण २०२४च्या लोकसभेत त्या पक्षाचं कोणीच निवडून आलं नाही, ना बाई ना पुरुष. उलट २०१९मध्ये बिजू जनता दलाने ओडिशातल्या २१ जागांपैकी ७ महिलांना दिल्या आणि ५ जिंकल्या. त्यांतल्या प्रमिला बिसोई बचतगटाच्या कार्यकर्त्या. त्यांना दिलेला अस्का मतदारसंघ पूर्वी बिजू पटनायक आणि नंतर नवीन पटनायक यांनी जिंकलेला, म्हणजे पक्षाचा बालेकिल्ला. दोन लाखांहून जास्त मतांनी त्या आल्या. तिकीट द्यायचं तर असं.

सक्तीचा कोटाही पळवाट शोधणाऱ्यांना अडवतोच असं नाही. फ्रान्समध्ये २०००च्या कायद्याने पक्षांना निम्म्या उमेदवार महिला देणं भाग पाडलं, नाहीतर सरकारी निधीत कपात. मोठ्या पक्षांनी कपात सोसली आणि पुरुषांची तिकिटं राखली. १९९७मध्ये तिथे ५७७पैकी ६३ महिला निवडून आल्या होत्या, २००२मध्ये फक्त ७१. मेक्सिकोने मात्र पुढे, हरणारे मतदारसंघ नेमके महिलांच्या माथी मारायलाच मनाई केली.

पाकिस्तानातल्या राखीव जागा आणखी निराळ्या. राष्ट्रीय सभेतल्या ६० महिला जागा पक्षांना त्यांच्या बळाच्या प्रमाणात वाटल्या जातात. त्या महिलांना स्वतःचा मतदारसंघ नसतो, म्हणून त्यांचं सगळं भवितव्य पक्षश्रेष्ठींच्या हातात.

आपला २०२३चा कायदा पहिल्या प्रकारातला, मतदारसंघ राखून ठेवणारा. मंजूर झालेल्या मजकुरानुसार आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, आणि त्यानंतर आरक्षण. मुदत १५ वर्षांची, आणि दर फेररचनेनंतर राखीव जागा फिरणार. म्हणजे वॉर्डात जे घडतं ते लोकसभेतही घडू शकतं, फक्त जास्त अंतराने. तोवर सगळं तिकिटावरच अवलंबून. २०२४च्या निवडणुकीत ५४३पैकी ७४ महिला आल्या, महाराष्ट्रातून ४८पैकी ७.

राज्यसभा आणि विधान परिषद या कायद्यात नाहीतच. तिथे आमदारांच्या मतांवरच्या जागांवर पक्षाकडे पुरेसं संख्याबळ असलं की तिकीट म्हणजे जवळपास निवडच. बाईला तिथे पाठवायला ना जनगणना लागते ना फेररचना. पक्षाने ठरवलं तर पुढच्याच निवडणुकीत निम्मी नावं महिलांची देता येतील.