ओपन वॉटर डायव्हरचं कार्ड कसं मिळतं: पात्रता, कागदपत्रं आणि नावनोंदणी

मालवण-तारकर्लीला जाऊन आलेल्या बऱ्याच जणांच्या मोबाइलमध्ये पाण्याखालचा एक फोटो असतोच. ‘आम्ही स्कुबा केलं’ असं सांगताना तो दाखवलाही जातो. तो अनुभव सुंदरच असतो. पण त्यात हवा, खोली, दिशा सगळं मार्गदर्शकाच्या हाती असतं आणि त्यावर पुढे कुठे सिलिंडर भाड्यानं मिळत नाही. जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत स्वतःच्या जबाबदारीवर उतरायचं असेल, तर ओपन वॉटर डायव्हरचं कार्ड लागतं. ते जगभर चालतं आणि त्याची मुदत संपत नाही. मध्ये बरीच वर्षं पाण्यात गेला नसाल, तर मात्र उजळणीचा वर्ग करून मगच उतरावं.

हे कार्ड सरकार देत नाही. पॅडी, एसएसआय अशा आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण संस्था ते देतात. त्यामुळे अर्ज कुठल्या सरकारी खात्यात करायचा नसतो, त्या संस्थेच्या अधिकृत डायव्ह सेंटरमध्ये नाव नोंदवायचं असतं. पुढची माहिती पॅडीच्या अभ्यासक्रमाप्रमाणे दिली आहे. एसएसआयची रचनाही साधारण अशीच असते.

वय आणि पोहणं

वयाची किमान अट १० वर्षं. १० ते १४ वयाच्या मुलांना ज्युनिअर कार्ड मिळतं. १० आणि ११ वर्षांच्या मुलांना १२ मीटरच्या खाली जाता येत नाही, आणि सोबत कार्डधारक पालक किंवा पॅडीचा व्यावसायिक डायव्हर लागतो. १२ ते १४ वयाला कार्डधारक प्रौढाची सोबत चालते. वयाची कमाल अट नाही.

पोहता मात्र आलंच पाहिजे. फोटोवाल्या डाइव्हला न पोहणाऱ्यांनाही नेतात, त्यामुळे इथे अनेकांची गफलत होते. न थांबता २०० मीटर पोहायचं, म्हणजे २५ मीटरच्या तलावात आठ वेळा आरपार. वेळेचं बंधन नाही, कुठल्याही पद्धतीनं पोहा. त्याऐवजी मास्क, फिन (पायात घालायचे रबरी पंजे) आणि स्नॉर्कल (श्वास घ्यायची वाकडी नळी) लावून ३०० मीटर पोहलं तरी चालतं. शिवाय १० मिनिटं आधाराशिवाय तरंगून दाखवायचं. नाव नोंदवण्याआधी महिनाभर तलावावर जा. दमछाक होत असेल तर तो महिना वाया गेला असं समजू नका.

वैद्यकीय प्रश्नावली

सगळ्यात महत्त्वाचा कागद हाच. सुरुवातीला १० प्रश्न असतात. सगळ्यांचं उत्तर ‘नाही’ असेल तर सही करायची आणि पुढे जायचं. काही ‘हो’ असे असतात की थेट डॉक्टरांकडे जावं लागतं: डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी सध्या चालू असणं (गर्भनिरोधक आणि मलेरियाच्या बहुतेक गोळ्या सोडून), गेल्या १२ महिन्यांत शस्त्रक्रिया झालेली असणं, किंवा मध्यम व्यायामही न झेपणं. म्हणजे रक्तदाबाची रोजची गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांची सही आधीच घेऊन ठेवावी. बाकीच्या प्रश्नांना ‘हो’ म्हटलं की दुसऱ्या पानावर पोटप्रश्न येतात: छाती आणि हृदय, कान-नाक, फिट येणं, मधुमेह, पाठदुखी वगैरे. वय ४५ च्या पुढे असेल तर धूम्रपान, कोलेस्टेरॉल, घरातला हृदयविकार हेही विचारतात. पोटप्रश्नांत एक जरी ‘हो’ आलं तरी डॉक्टरांची तपासणी आणि सही हवीच. गरोदरपणी डाइव्ह करायचं नाही.

लहानपणी माझा कान फुटायचा. मी फॉर्मवर ‘हो’ लिहायला लागले, तर टेबलापलीकडचा मुलगा म्हणाला, “मॅडम, सगळीकडे ‘नाही’ करा ना, उगाच डॉक्टरकडे फेरी पडेल.” त्याला वाईट काही म्हणायचं नव्हतं, माझे पैसे वाचवायचे होते. मी फेरी मारली. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी पडदा तपासला, नाक दाबून कानात हवा भरायला सांगितली, दोन्ही कान नीट उघडताहेत हे पाहिलं आणि सही केली. सगळं मिळून अर्धा तास गेला. पाण्याखाली १० मीटरवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. कान तर दोन-तीन मीटरवरच दुखायला लागतात. तिथे खोटं उत्तर उपयोगाला येत नाही, म्हणून कोणी कितीही आग्रह केला तरी या कागदावर खरंच लिहा.

बाकी कागदपत्रं

यात फारसं अवघड काही नाही. आधार किंवा पासपोर्ट, कार्डासाठी फक्त चेहऱ्याचा डिजिटल फोटो, जोखीम मान्य असल्याचं संमतीपत्र आणि सुरक्षित डायव्हिंगचे नियम समजल्याचं निवेदन. मूल सज्ञान नसेल तर पालकांची सही लागते. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा, कार्डावर तेच छापून येतं.

अभ्यासक्रम

लेखी भाग ऑनलाइन घरी बसून करता येतो. पाच प्रकरणं आणि शेवटी परीक्षा, उत्तीर्ण होण्यासाठी ७५ टक्के. नापास झालात तर पुन्हा देता येते. मग तलावात किंवा उथळ शांत पाण्यात पाच सत्रं. शेवटी समुद्रात चार डाइव्ह, किमान दोन दिवसांत. त्यातल्या पहिल्या दोन १२ मीटरपर्यंतच.

तलावात सगळ्यांना जड जातं ते मास्कमधलं पाणी काढणं. मास्क मुद्दाम पाण्यानं भरायचा. नाक पाण्यात बुडालेलं असतं आणि श्वास तोंडानं चालू ठेवायचा. मी दोनदा धडपडत वर आले. तिसऱ्यांदा प्रशिक्षकानं माझा हात धरून ठेवला. मास्कची वरची कड कपाळाशी दाबली, हनुवटी किंचित उचलली, नाकानं सावकाश फुंकलं आणि पाणी खालच्या कडेनं निघून गेलं. हे जमेपर्यंत समुद्रात जायची घाई करू नका. आणि एक नियम पहिल्या दिवसापासून मनात पक्का करा: श्वास कधीही रोखायचा नाही. १० मीटरवर भरून घेतलेली छाती रोखून वर आलात, तर आतली हवा दुप्पट व्हायला बघते आणि फुप्फुस फाटू शकतं.

सेंटर निवडताना

प्रशिक्षकाचा क्रमांक मागा. पॅडीच्या संकेतस्थळावर तो तपासता येतो. समुद्रात एका प्रशिक्षकामागे जास्तीत जास्त ८ विद्यार्थी असतात, त्याहून कमी असतील तर उत्तमच. फीमध्ये ऑनलाइन अभ्यास, कार्डाचं शुल्क, साहित्याचं भाडं आणि बोट धरली आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी घ्या.

पुण्या-मुंबईकडच्यांसाठी सोयीची वाट म्हणजे रेफरल. लेखी भाग आणि तलाव घराजवळ उरकायचा, त्याची नोंद घेऊन चार डाइव्ह कर्नाटकातल्या मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर किंवा अंदमानात करायच्या. ही नोंद १२ महिने चालते. कोकणात पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं, म्हणून तलावाचे दिवस पावसात आणि समुद्र दिवाळीनंतर, असा मेळ छान बसतो.

डाइव्हनंतर लगेच उंचावर जाणं धोक्याचं असतं, म्हणून परतीचं तिकीट काढताना शेवटची डाइव्ह आणि विमान यांत किमान १८ तास ठेवा. मालवणहून गाडीनं घाटावर परतणार असाल आणि वाटेत आंबोली असेल, तर तेही प्रशिक्षकाला आधी सांगा. आंबोली जवळपास ७०० मीटर उंच आहे, त्यामुळे शेवटची डाइव्ह आदल्या दिवशीच उरकावी. चौथ्या डाइव्हनंतर प्रशिक्षक संस्थेकडे नोंद करतो आणि कार्ड ईमेलवर येतं.