व्हॉल्व्ह प्रीअँप्लिफायर

घरगुती ध्वनिसंचात ध्वनिमुद्रिकेची पिकअप, सीडी प्लेअर, ट्यूनर इ. उगमांकडून आलेला संकेत पॉवर अँप्लिफायरला मानवेल अशा पातळीवर आणणारे आणि विवर्धनासाठी इलेक्ट्रॉन नलिका, म्हणजे बोलीतले व्हॉल्व्ह, वापरणारे उपकरण. उगम निवडण्याची व आवाज कमीजास्त करण्याची सोय त्यातच असते. त्याचे दोन भाग पडतात: पिकअपच्या काही मिलिव्होल्ट संकेतासाठी फोनो टप्पा आणि बाकीच्या उगमांसाठी लाइन टप्पा. दोन्ही एकाच पेटीत असतात किंवा वेगवेगळे मिळतात. महागड्या उपकरणांत वीजपुरवठ्याचीही पेटी अनेकदा स्वतंत्र असते.

इतिहास : प्रीअँप्लिफायर ही घरातील वेगळी पेटी केव्हापासून झाली याविषयी मतभेद आहेत. नभोवाणी केंद्रे व चित्रपटगृहे यांत असे टप्पे त्याआधीपासून होते. पण घरगुती वापराचा आरंभ बहुतेक अभ्यासक डी. टी. एन. विल्यमसन यांच्या १९४७ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात प्रसिद्ध झालेल्या पॉवर अँप्लिफायरशी जोडतात. त्यात स्वरनियंत्रण नव्हते, त्यामुळे ते काम करणारी दुसरी पेटी लागू लागली. याहून सबळ कारण ध्वनिमुद्रिकांचे दिसते. १९५४ पूर्वी प्रत्येक कंपनी मंद्र स्वर किती दाबायचे व तार स्वर किती उचलायचे हे आपापल्या पद्धतीने ठरवी. ऐकणाऱ्याला ते उलटवण्यासाठी खटके लागत. सॉल मॅरँट्झ यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्क राज्यात तयार केलेले ‘ऑडिओ कन्सोलेट’ हे मुख्यतः अशा खटक्यांचेच यंत्र होते. १९५८-५९ च्या सुमारास आलेल्या मॅरँट्झ मॉडेल ७ मध्ये सहा १२एएक्स७ व्हॉल्व्ह होते. त्याच्या तीन टप्प्यांच्या फोनो मंडलाची (सर्किटची) नक्कल आजही चालू आहे. अमेरिकन मॅकिन्टॉश कंपनीचे सी२० व सी२२ आणि ब्रिटनमधील क्वाड २२ ही त्याच्या आगेमागेची.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस ट्रान्झिस्टरने हा बाजार जवळपास संपवला. १९७० मध्ये विल्यम झेन जॉन्सन यांनी मिनीॲपोलिस येथे स्थापन केलेली ऑडिओ रिसर्च आणि १९७७ मध्ये बिल कॉनरॅड व ल्यू जॉन्सन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी सुरू केलेली कॉनरॅड-जॉन्सन यांनी व्हॉल्व्हला ‘हाय-एंड’ या महाग गटात परत आणले.

‘व्हॉल्व्हचा आवाज’ : व्हॉल्व्ह सम हार्मॉनिक (मूळ स्वराच्या दुप्पट, चौपट इ. कंप्रतेचे स्वर) जास्त निर्माण करतो म्हणून तो गोड वाटतो, हे विधान सर्वत्र आढळते. त्याचा आधार म्हणून रसेल हॅम यांचा ध्वनी अभियंत्यांच्या अमेरिकन संस्थेच्या नियतकालिकातील १९७३ चा लेख दाखवला जातो. तो लेख ध्वनिमुद्रण केंद्रातील मायक्रोफोन प्रीअँप्लिफायर अतिभाराखाली कसे वागतात याविषयी आहे, हे बहुधा सांगितले जात नाही. घरी परिस्थिती उलट असते. २५० व्होल्टवर चालणारा १२एयू७ चा टप्पा कित्येक दशक व्होल्ट देऊ शकतो आणि त्याच्याकडून मागणी असते एखाद्या व्होल्टची. ट्रायोडमधील (तीन अग्रांच्या अशा व्हॉल्व्हमधील) दुसरा हार्मॉनिक साधारणपणे संकेताच्या प्रमाणात घटतो, त्यामुळे या पातळीवर तो टक्क्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहून कमी राहतो. दोन प्रीअँप्लिफायरमध्ये ऐकू येणारा फरक पुष्कळदा बहिर्गामी संरोध (बाहेर जाणाऱ्या बाजूचा विद्युत् अडथळा), फोनो समकारीतील (तबकडीवर दाबलेले-उचललेले स्वर पूर्ववत करणाऱ्या मंडलातील) चूक आणि दोन वाहिन्यांतील असमतोल यांतून येतो, हे मोजमाप करणाऱ्यांचे मत अधिक ग्राह्य वाटते. फीडबॅक (बाहेर पडलेल्या संकेताचा काही भाग उलटा आत परत देणे) न वापरणाऱ्या मंडलांत हार्मॉनिकचा वाटा वाढतो, एवढे मात्र दुसऱ्या पक्षाच्या बाजूने म्हणता येईल.

लाइन टप्प्याची निवड : पहिला प्रश्न विवर्धन किती लागते हा. सीडी प्लेअर व बहुतेक डिजिटल उगम कमाल २ व्होल्ट देतात आणि पॉवर अँप्लिफायर १ ते १.५ व्होल्टला पूर्ण शक्ती गाठतो. म्हणजे विवर्धनाची गरज जवळजवळ नसतेच. १० ते १२ डेसिबल पुरे. २० डेसिबल किंवा अधिक विवर्धनाच्या पेटीला संवेदनशील स्पीकर जोडले, की आवाजाची खुंटी आठच्या काट्यावरून नऊवर नेली तरी खोली भरते. कार्बन पट्टीच्या जोड खुंटीत डावी-उजवी वाहिनी एकमेकींपासून सर्वांत जास्त ढळतात त्या नेमक्या याच भागात. शिवाय खुंटीनंतरच्या व्हॉल्व्हची सळसळ आवाज कमी केला तरी तेवढीच राहते. टप्प्याटप्प्यांचा रोधकी अटेन्यूएटर असमतोल दूर करतो, सळसळ नव्हे.

दुसरा प्रश्न बहिर्गामी संरोधाचा, आणि निवडीत सर्वाधिक चुका येथे होतात. पॉवर अँप्लिफायरचा अंतर्गामी संरोध प्रीअँप्लिफायरच्या बहिर्गामी संरोधाच्या दसपट तरी असावा. हे प्रमाण २० हर्ट्झला तपासावे, पत्रकात छापलेल्या १,००० हर्ट्झला नव्हे. बहिर्गामी मार्गात एकदिश दाब अडवणारे धारित्र (कपॅसिटर) असते. १ मायक्रोफॅरडचे धारित्र १०० किलोओहमच्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरवर १.६ हर्ट्झपर्यंत उतरते. तेच १० किलोओहमच्या ट्रान्झिस्टर अँप्लिफायरवर १६ हर्ट्झला ३ डेसिबलने खाली येते आणि ०.४७ मायक्रोफॅरड असेल तर ३४ हर्ट्झलाच. ‘व्हॉल्व्हला बेस नसतो’ अशी तक्रार ऐकू आली की आधी हा गुणाकार करावा. दुसऱ्या टोकाला, म्हणजे तार स्वरांत, केबल आहे: मीटरला १०० पिकोफॅरड धरल्यास ५ मीटरची केबल ५०० पिकोफॅरड होते. ५ किलोओहमच्या उगमाला ती ६४ किलोहर्ट्झवर कापते, म्हणजे निर्धोक. ५० किलोओहमच्या उगमाला मात्र ६.४ किलोहर्ट्झवरच.

मंडलांचे प्रकार यावरून समजतात. साध्या १२एएक्स७ टप्प्याचा बहिर्गामी संरोध ४० किलोओहमपेक्षा जास्त असतो, त्यामुळे तो केबल ओढू शकत नाही. त्यापुढे कॅथोड फॉलोअर, म्हणजे विवर्धन न करता फक्त संरोध उतरवणारा टप्पा, जोडला की संरोध काही शे ओहमवर येतो. (या मंडलाचे श्रेय ब्रिटिश अभियंता ॲलन ब्लमलाइन यांच्या १९३४ च्या पेटंटला देतात.) ६डीजे८ व ६एच३० हे व्हॉल्व्ह मुळातच कमी संरोधाचे असल्याने एका टप्प्यातही भागवतात. एकच टप्पा असेल तर संकेताची ध्रुवता उलटते. प्रत्येक स्पीकरच्या धन व ऋण तारांची आपसात अदलाबदल करून ती सुलटी करावी.

व्हॉल्व्हचे प्रकार : १२एएक्स७ (ईसीसी८३) याचा विवर्धनांक १००, १२एटी७ (ईसीसी८१) ६०, ६डीजे८ (ईसीसी८८) ३३, आठ पिनांचा ६एसएन७ सुमारे २० आणि १२एयू७ (ईसीसी८२) १७ ते २०. बाकीच्या नऊ पिनांच्या कुटुंबात खोबण सारखी दिसते म्हणून कोणताही व्हॉल्व्ह कोठेही बसत नाही. १२एएक्स७ चा हीटर (ऋणाग्र म्हणजे कॅथोड तापवणारी तार) पिन ४ व ५ दरम्यान १२.६ व्होल्ट घेतो आणि पिन ९ हा त्याचा मध्यबिंदू. ६डीजे८ चा हीटर त्याच ४ व ५ दरम्यान ६.३ व्होल्टचा, पिन ९ ही नुसती आतली पडदी. म्हणून ६डीजे८ च्या खोबणीत घातलेला १२एएक्स७ अर्ध्या दाबावर मंद तांबूस दिसतो व विरूपण करतो. उलट ६.३ व्होल्टसाठी जोडलेल्या १२एएक्स७ च्या खोबणीत, जिथे ४ व ५ एकत्र असतात, ६डीजे८ पेटतच नाही. ६डीजे८ ची धनाग्र (प्लेट) दाबाची मर्यादा १३० व्होल्ट आहे. काही आधुनिक यंत्रांत तो त्याहून वर चालवतात, आणि तिथे बदली व्हॉल्व्ह वारंवार लागतात.

नवे व्हॉल्व्ह आज मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया व चीन येथे तयार होतात. जुना साठा महाग असून त्यात बनावट माल फार आहे: काचेवरचे नाव अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून नवे छापता येते. म्हणून छापापेक्षा आतल्या पत्र्यांची घडण, काचेत कोरलेले कारखान्याचे संकेत आणि टेलिफुंकेनच्या बाबतीत तळाशी पिनांच्या मधोमध काचेतच उठवलेली हिऱ्याच्या आकाराची चौकट यांवर भिस्त ठेवावी.

फोनो टप्पा : मूव्हिंग मॅग्नेट (हलत्या चुंबकाची) पिकअप सुमारे ५ मिलिव्होल्ट देते. तिला ४७ किलोओहम भार व १,००० हर्ट्झला सुमारे ४० डेसिबल विवर्धन लागते. भारातील धारिता येथे दुर्लक्षित राहते. १२एएक्स७ चे जालक-धनाग्र (ग्रिड-प्लेट) धारित्व १.७ पिकोफॅरड असले तरी ६० पट विवर्धनामुळे पिकअपला ते १०० पिकोफॅरडहून अधिक भासते (मिलर परिणाम). त्यात टोनआर्मच्या केबलचे १०० ते १५० मिळवल्यास बऱ्याच पिकअपची मर्यादा ओलांडली जाते आणि तार स्वरांत उंचवटा येतो. अशा वेळी कमी धारितेची केबल हा स्वस्त उपाय.

मूव्हिंग कॉइल (हलत्या वेटोळ्याची) पिकअप ०.२ ते ०.५ मिलिव्होल्टच देते. चांगल्या १२एएक्स७ चा अंतर्गामी गोंगाट सुमारे १ मायक्रोव्होल्ट धरला, तर ५ मिलिव्होल्टला ७४ डेसिबलचे अंतर मिळते, ०.३ मिलिव्होल्टला जेमतेम ५०. त्यामुळे केवळ व्हॉल्व्हवर ६० डेसिबल देणाऱ्या पेटीपेक्षा १:१० चा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर बरा. तो २० डेसिबल देतो आणि ४७ किलोओहमचा भार पिकअपला ४७० ओहम दाखवतो. १:२० घेतल्यास तोच सुमारे ११७ ओहम होतो. ट्रान्सफॉर्मर मेन्सच्या ट्रान्सफॉर्मरपासून दूर व कोन बदलून ठेवावा, नाहीतर घुमणारा आवाज थेट त्यातच शिरतो.

१९५४ चा आरआयएए (अमेरिकन ध्वनिमुद्रिका उद्योग संघटना) वक्र ३१८०, ३१८ व ७५ मायक्रोसेकंद या तीन कालांकांनी (टाइम कॉन्स्टंट) ठरतो. १,००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल उचल आणि २० किलोहर्ट्झला तितकीच घट. याच्या दोन दुरुस्त्या वादग्रस्त आहेत. १९७६ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगाने वाकड्या तबकड्यांची थरथर दाबण्यासाठी ७९५० मायक्रोसेकंदांची, म्हणजे २० हर्ट्झपासूनची, घट सुचवली. ती तबकडी कापताना लावलेली नसल्याने मूळ संकेतावर अन्याय करते, आणि व्हॉल्व्ह मंडलांच्या अनेक रचनाकारांनी ती वगळली आहे. दुसरी ‘नॉयमान कालांक’ म्हणून ओळखली जाते. कापणाऱ्या यंत्रात ३.१८ मायक्रोसेकंदांवर, म्हणजे सुमारे ५० किलोहर्ट्झवर, तार स्वरांची उचल थांबवलेली असते, तेव्हा फोनो टप्प्यानेही ती उलट भरून काढावी असा हा दावा. १९९० च्या दशकापासून काही महाग प्रीअँप्लिफायरमध्ये त्यासाठी एक रोधक वाढवलेला दिसतो. आक्षेप असा की कापणाऱ्या यंत्रांत प्रत्यक्षात त्या जागी दुसऱ्या कोटीची गाळणी (फिल्टर) असे, यंत्रागणिक ती वेगळी असे, आणि एका कालांकाने ती उलटत नाही. हा आक्षेप अधिक सबळ वाटतो. भरपाईचा परिणाम २० किलोहर्ट्झला अर्ध्या डेसिबलहून थोडाच जास्त असतो. दोन वाहिन्यांतील धारित्रांची १ टक्का जुळणी अधिक उपयोगाची ठरते.

फीडबॅकमधून वक्र साधणाऱ्या मंडलाला २० हर्ट्झला सुमारे ६० डेसिबल मूळ विवर्धन आणि त्यावर राखीव हवे. दोन टप्प्यांच्या स्वस्त मंडलांत ते पुरत नाही, त्यामुळे मंद्र स्वर खाली झुकतात. मॉडेल ७ चा तिसरा टप्पा, म्हणजे कॅथोड फॉलोअर, दुसऱ्यावरचा भार उतरवून हे विवर्धन टिकवतो.

वीजपुरवठा व दोष : ५० हर्ट्झची घरघर बहुधा हीटर किंवा अर्थिंगच्या वळशाची असते, १०० हर्ट्झची तीक्ष्ण घरघर पुरवठ्यातील जुन्या इलेक्ट्रोलायटिक धारित्रांची. फोनो टप्प्याचे हीटर एकदिश व नियंत्रित पुरवठ्यावर असावेत. कॅथोड फॉलोअरचे ऋणाग्र १०० व्होल्टहून वर असते. हीटर जमिनीशीच बांधलेला असेल तर हीटर-ऋणाग्र विसंवाहक ताणाखाली येते आणि खरखर सुरू होऊन शेवटी व्हॉल्व्ह जातो. चांगल्या यंत्रात हीटर पुरवठाच ५० ते ९० व्होल्ट वर उचललेला असतो.

चालू करताना बहिर्गामी धारित्र भारित होते व ठोका बसतो. म्हणून ३० ते ६० सेकंद आवाज बंद ठेवणारा म्यूट रिले असल्याची खात्री करावी. नसल्यास प्रीअँप्लिफायर आधी व पॉवर अँप्लिफायर मिनिटभराने चालू करावा, बंद करताना उलट क्रम. खरेदीपूर्वी संकेत न देता खुंटी मध्यावर ठेवून प्रत्येक व्हॉल्व्हवर पेन्सिलीच्या रबरी टोकाने हलके टकटक करावे. टक् ऐकू येणे चालेल; घंटेसारखा रेंगाळणारा नाद म्हणजे मायक्रोफोनिक, धक्क्यांचा आवाज उचलणारा, व्हॉल्व्ह. सळसळ एकाच बाजूला असेल तर डावा-उजवा व्हॉल्व्ह अदलून पाहावा: दोष बाजू बदलतो तर व्हॉल्व्हचा, न बदलल्यास मंडलाचा. त्याआधी यंत्र बंद करून पंधरा मिनिटे थांबावे. आतील धारित्रांत २५० ते ३५० व्होल्ट मागे राहू शकतात. झाकण काढल्यास मीटरने १० व्होल्टखाली मोजल्याशिवाय हात घालू नये.

जुन्या यंत्रांत, उदा. मूळ मॉडेल ७ मध्ये, सेलेनियम रेक्टिफायर व कागदी धारित्रे गळू लागलेली असतात. ती बदलली नाहीत तर पुढच्या टप्प्याच्या जालकावर धन दाब येतो. बदलली तर संग्राहकांच्या दृष्टीने किंमत उतरते. ऐकण्यासाठी घेणाऱ्याने बदललेले यंत्रच घ्यावे.

भारतात : बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने (बीईएल) १९६० च्या दशकात घरगुती व्हॉल्व्ह तयार केले, त्यांतील ईसीसी८३ ला परदेशी जुन्या साठ्याच्या बाजारात मागणी आहे. अमेरिकेतून आणलेल्या ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झच्या यंत्राला स्टेप-डाउन लावूनही त्याचा ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर अधिक तापतो. जपानच्या १०० व्होल्टच्या यंत्राला ११० व्होल्टचा स्टेप-डाउन लावला तर हीटरचा दाबही १० टक्के चढतो. मेन्स २३० ऐवजी २५० व्होल्ट झाले की ६.३ चे ६.८५ व्होल्ट होतात, आणि ५ टक्क्यांपलीकडचा असा चढ ऋणाग्राचे आयुष्य खातो. तेव्हा व्होल्टेज स्टॅबिलायझर येथे चैन नव्हे. कोकण किनाऱ्यावर व मुंबईत दमट हवेने खोबणींचे संपर्क काळवंडतात व खरखर येते. यंत्र बंद ठेवून व्हॉल्व्ह दोनतीनदा काढून घातले तरी ती बहुधा थांबते.