दैनंदिन ख्रिस्ती साधना

दैनंदिन ख्रिस्ती साधना : संसार, शेती, नोकरी सांभाळत असतानाच प्रार्थना, शास्त्रवाचन, पश्चात्ताप, उपकारस्तुती आणि परस्परांना क्षमा यांच्या आधारे मनाला शांती लाभावी व अंतःकरण नवे होत राहावे, यासाठी ख्रिस्ती व्यक्ती अथवा कुटुंब जो नेम पाळते त्याला दैनंदिन ख्रिस्ती साधना म्हणता येईल. चर्चमधील सामुदायिक उपासना हा या साधनेचा पाया असला, तरी तिचा बराचसा भाग घरात, आणि तोही दिवसाच्या दोन टोकांना, पार पडतो. बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच होतो. नवीकरण मात्र रोजचे असते, अशी यामागची श्रद्धा आहे. प्रस्तुत नोंदीत या साधनेचे महाराष्ट्र व गोव्यातील स्वरूप मुख्यतः विचारात घेतले आहे.

या साधनेचा आधार बायबलमध्ये अनेक ठिकाणी सापडतो. परमेश्वराची करुणा रोज सकाळी नवी होते, हा विलापगीतातील विचार. बाहेरचा देह झिजत असला तरी आतला मनुष्य दिवसेंदिवस नवा होत आहे, हे करिंथकरांस दुसऱ्या पत्रातील पौलाचे प्रतिपादन. आणि चिंता न करता सर्व मागणे देवापुढे ठेवल्यास बुद्धीच्या पलीकडची शांती अंतःकरणाचे रक्षण करील, हे फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातील आश्वासन, ही त्यांतील नेहमी उद्‌धृत होणारी वचने होत. त्यांच्या जोडीने दोन व्यावहारिक आज्ञाही येतात. वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाचे आपल्याशी वितुष्ट असल्याचे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करावा, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. आणि रागावलेले असताना सूर्य मावळू देऊ नये, असे इफिसकरांस पत्रात म्हटले आहे. त्यामुळे येथे अभिप्रेत असलेली शांती एकांतात बसून मिळवण्याची नाही. घरातले व शेजारचे भांडण मिटवणे हा तिचाच भाग ठरतो, आणि साधकांच्या अनुभवास विचारले तर सर्वांत अवघड भागही तोच.

मठवासी परंपरेत सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या नियमावलीने प्रार्थना व अंगमेहनत यांची दिवसभरात वाटणी करून दिली. मार्टिन ल्यूथरने १५२९ च्या आपल्या लहान प्रश्नोत्तरीत घरातील कर्त्या माणसासाठी सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थना दिल्या व उपासनेची जबाबदारी थेट कुटुंबावर सोपवली. येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याच्या परंपरेत दिवसाकाठी स्वतःच्या विचार-कृतींचा आढावा घेण्याची रीत रूढ झाली. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका कार्मेली मठात स्वयंपाकघरात राबणाऱ्या ब्रदर लॉरेन्सने भांड्यांच्या खडखडाटातही देवाचे सान्निध्य राखता येते, असे आग्रहाने सांगितले. हे सर्व प्रवाह पुढे मिशनऱ्यांबरोबर पश्चिम भारतात आले, पण त्यांना इथली चाल लाभली ती ओवी, अभंग आणि कीर्तन यांमुळे.

गोव्यात १५७९ मध्ये आलेले इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये साष्टीतील राशोल येथे छापले गेले. जुन्या पुराणांपासून तुटलेल्या नवख्रिस्ती लोकांना वाचण्या-ऐकण्यासाठी दुसरे काही हवे होते. ती उणीव या ओवीबद्ध ग्रंथाने भरून काढली, आणि रविवारी व सणांच्या दिवशी तो चर्चमध्ये वाचला जाऊ लागला. ज्या काळात गोव्यात धर्मसमीक्षणसभेचा (इन्क्विझिशनचा) धाक होता त्याच काळात हे घडले, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. धर्मांतर कित्येकदा दडपणाखाली झाले होते. अशा समाजाला नव्या श्रद्धेत आपलेपण वाटू लागले, त्यात फर्मानांपेक्षा ओळखीच्या छंदाचा वाटा मोठा असावा.

गोमंतकीय कॅथलिक घरात संध्याकाळच्या जपमाळेच्या प्रार्थनेला ‘तेर्स’ म्हणतात. घरातील वेदीसमोर दिवा किंवा मेणबत्ती लावून सर्वजण गुडघे टेकतात. मरियेला उद्देशून असलेली प्रार्थना दहा-दहाच्या पाच आवर्तनांत म्हटली जाते, आणि प्रत्येक दशकाबरोबर ख्रिस्ताच्या जीवनातील एका प्रसंगाचे मनन केले जाते. आनंदाची, दुःखाची व गौरवाची रहस्ये आधीपासूनच होती; पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ मध्ये त्यांत प्रकाशाच्या रहस्यांची भर घातली. तेर्स संपल्यावर मुले हात जोडून घरातील वडीलधाऱ्यांकडे एकामागून एक आशीर्वाद मागतात. याला ‘बेसांव’ म्हणतात. दिवसभरात ज्या काकाशी तोंडाला तोंड दिले असेल त्याच्यापुढेही हात जोडावेच लागतात, आणि त्यालाही आशीर्वाद द्यावाच लागतो. सूर्यास्तापूर्वी राग सोडण्याची आज्ञा प्रत्यक्षात उतरवणारी याहून सोपी युक्ती क्वचितच आढळेल.

वसई परिसरातील कॅथलिक समाजातही संध्याकाळच्या जपमाळेला असेच स्थान आहे. सकाळी, दुपारी व संध्याकाळी आंजेलस या प्रार्थनेसाठी होणाऱ्या घंटेने दिवसाचे भाग पडतात. वाडीत काम करणारा माणूस घंटा ऐकून हातातले काम थांबवत असे व क्रूसाची खूण करून प्रार्थना म्हणत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) मिस्सा (चर्चमधील प्रभुभोजनाची उपासना) लॅटिनऐवजी मराठीत होऊ लागली आणि चर्चमधील व घरातील प्रार्थनेची भाषा एक झाली. वर्षातील नवीकरणाचा मुख्य काळ म्हणजे ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित झालेल्या झावळ्या वर्षभर घरातील वेदीजवळ किंवा क्रुसामागे खोचलेल्या असतात. पुढच्या वर्षी त्या सुकलेल्या झावळ्या चर्चमध्ये परत नेऊन जाळतात आणि त्यांचीच राख भस्म बुधवारी धर्मगुरू लोकांच्या कपाळी लावतात. उपवासकाळात शुक्रवारी मांसाहार वर्ज्य असतो, ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे स्मरण करणारी चौदा थांब्यांची क्रुसाची वाट केली जाते, लग्नकार्ये टाळली जातात आणि बहुतेकजण धर्मगुरूंसमोर पापनिवेदन करतात. पापनिवेदनानंतर मन हलके झाल्याचे लोक सांगतात. मात्र चर्चची शिकवण अशी की दुसऱ्याचे नुकसान केले असल्यास ते भरून दिल्यावाचून पश्चात्ताप पुरा होत नाही.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये या साधनेचे स्वरूप वेगळे आहे. १८१३ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे काम वाढवले, आणि तेथूनच १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले. या परंपरेत मूर्ती, माळ किंवा वेदी नसून मधोमध असते ते पवित्र शास्त्र. कौटुंबिक उपासनेत एखादे गीत, शास्त्राचा एक अध्याय, त्यावर वडिलांचे किंवा आईचे दोन शब्द, आणि मग प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत केलेली प्रार्थना असा क्रम असतो. परीक्षा, पाऊस, कर्ज, मुलीचे लग्न, दारू पिणारा भाऊ असे सगळेच विषय त्या प्रार्थनेत नावानिशी येतात. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातील पदे पेटी-तबल्यावर म्हटली जातात. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तन रूढ केल्यामुळे, अक्षरओळख नसलेल्या ग्रामीण श्रोत्यांपर्यंत शुभवर्तमानातील कथा पोहोचल्या.

ग्रामीण मंडळ्यांतील हंगामाचा सण हा उपकारस्तुतीचा सर्वांत ठळक प्रसंग होय. सुगीनंतरच्या एका रविवारी लोक ज्वारी-बाजरी, भाज्या, अंडी, कोंबड्या, क्वचित बोकडही चर्चमध्ये आणतात. उपासना झाल्यावर आवारात या वस्तूंचा लिलाव होतो आणि आलेली रक्कम मंडळीच्या कामास जाते. एखादा भोपळा बाजारभावाच्या कितीतरी पट बोलीने सुटतो, घेणारा तो पुन्हा अर्पण करतो आणि त्यावर पुन्हा बोली लागते. ३१ डिसेंबरच्या रात्रीची उपासनाही अशीच लोकप्रिय आहे. त्या वेळी सरत्या वर्षाबद्दल साक्ष दिली जाते, आणि अनेक मंडळ्यांत नव्या वर्षासाठी प्रत्येकाला शास्त्रातील वचनाची एक चिठ्ठी मिळते, जी घरात वर्षभर आरशाला किंवा कपाटाच्या दाराला चिकटवलेली दिसते.

बाप्तिस्म्यानंतरही मनाला शांती लाभायला किती काळ लागू शकतो, याचे सर्वांत प्रांजळ मराठी उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई (१८५८-१९२२). इंग्लंडमधील वाँटेज येथे १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु पुढे आपल्या आध्यात्मिक वाटचालीविषयी लिहिताना त्यांनी स्पष्ट नोंदवले की, ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, ख्रिस्त मात्र तोवर सापडला नव्हता, आणि हे आपल्याला सुमारे आठ वर्षांनी उमगले. मधल्या काळात त्या अमेरिकेत व्याख्याने देत होत्या, १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. म्हणजे बाहेरून पाहता सर्व काही यशस्वी चाललेले असताना आतली पोकळी कायम होती. १८९१ च्या सुमारास विश्वासाने मिळणाऱ्या क्षमेचा त्यांना प्रत्यय आला, आणि त्यानंतर रोज पहाटेची प्रार्थना हा त्यांचा न चुकणारा नेम झाला.

हाच नेम वादाचे कारण ठरला. रमाबाई प्रार्थनेच्या वेळी आपल्या खोलीचे दार बंद करीत नसत, आणि सदनातील काही मुली आपणहून येऊन तेथे बसू लागल्या. धर्मनिरपेक्ष म्हणून चालवलेल्या संस्थेत हे बसत नाही, या कारणावरून न्या. रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासह सल्लागारांनी १८९३ मध्ये अंग काढून घेतले. रमाबाईंनी दार बंद करायचे नाकारले. दोन्ही बाजूंना आपापले तर्क होते. विधवा मुलींना आसरा देणाऱ्या घरात कर्त्या बाईची प्रार्थना खाजगी कशी राहू शकेल, हा प्रश्न मात्र आजही सोपा नाही.

पुढे दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींसाठी त्यांनी दौंडजवळच्या केडगाव येथे मुक्ती सदन उभारले. तेथे विहिरी खोदल्या गेल्या, विणकाम, तेलघाणा, गोठा व छापखाना चालू झाला. १९०५ च्या आरंभी रमाबाईंनी जागृतीसाठी प्रार्थनेचे आवाहन केले. मुली-बायका दिवसातून दोनदा जमू लागल्या आणि जूनअखेर तेथे मोठे आध्यात्मिक जागरण घडून आले. शेकडोजणी एकदम मोठ्याने प्रार्थना करीत, पापांची कबुली देत, रडत. हा प्रकार पाहून काही मिशनरीही बावरले. ज्या मुलींनी उपासमार, वैधव्य आणि टाकून दिले जाणे भोगले होते त्यांच्या बाबतीत या आक्रोशाला केवळ धार्मिक उन्माद म्हणणे अपुरे वाटते. आजवर जे सांगायची सोय नव्हती ते त्यांनी येथे मोठ्याने सांगितले. जागरणाची लाट ओसरली, पण छापखान्यातला नेम चालू राहिला. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून केलेल्या सोप्या मराठीतील बायबलाचे छपाईकाम तिथल्या स्त्रियांनीच केले, आणि ते संपूर्ण बायबल रमाबाईंच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, बाहेर पडले.

नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांची वाटही अशीच लांबची. रेल्वेच्या प्रवासात भेटलेल्या एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला; १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ते तुकोबांच्या वळणाने ख्रिस्तभक्तीचे अभंग रचू लागले. मात्र पगारी मिशनसेवेत त्यांचे मन पूर्णपणे रमले नाही. १९१७ मध्ये त्यांनी ती सोडली व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना जागा होती. पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर पतीच्या धर्मांतराने घर मोडल्याचा आघात झाला. त्यांचे नवीकरण प्रवचनातून झाले नाही. सोवळेओवळे पाळणाऱ्या या बाईने, माणसांमधील उच्चनीचता देवाने केलेली नाही, असा स्वतःच विचार करून विटाळ मानणे सोडले, आणि बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये, घेतला. त्यांच्या बाबतीत पहिला बदल झाला तो चुलीपाशी आणि पाण्याच्या भांड्यापाशी.

विसाव्या शतकात या साधनेने इतरही रूपे घेतली. जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये स्थापन केलेल्या ख्रिस्त सेवा संघाने साधी राहणी, एकत्र भोजन व मौन प्रार्थना यांवर आश्रमजीवन उभे केले. पुण्यातील त्याचा आश्रम पुढे सर्वपरिचित झाला. मुंबईत जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू अँथनी डिमेलो (१९३१-८७) यांनी पुण्यात व नंतर लोणावळ्यात चालवलेल्या साधना संस्थेत श्वासाकडे लक्ष देणे, स्वस्थ बसणे अशा भारतीय ध्यानपद्धतींची ख्रिस्ती मननाशी सांगड घातली. त्यांच्या लिखाणातील काही विचार कॅथलिक श्रद्धेशी विसंगत असल्याचे व्हॅटिकनने १९९८ मध्ये जाहीर केले, तरी त्यांच्या पद्धतीचा प्रभाव टिकून आहे. याउलट माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये ८ सप्टेंबर १९४८ पासून दर बुधवारी होणारी नोव्हेना (मरियेपुढे मागणे मांडण्याची सामुदायिक प्रार्थना) ही अगदी साध्या लोकांची साधना आहे. नोकरी, आजार, घराचा ताबा अशा मागण्या घेऊन तिथे सर्व धर्मांचे लोक येतात, आणि कामावर जाता-येता वाकडी वाट करून येणारे त्यांत पुष्कळ असतात.

या साधनेवर आतून व बाहेरून टीका झाली आहे. शांतीचा उपदेश अन्याय निमूट सोसण्याची सवय लावतो, हा तिचा मुख्य रोख. अहमदनगर व मराठवाडा भागातील ख्रिस्ती समाजाचा मोठा हिस्सा महार व मांग समाजांतून आला. मंडळीत एका प्याल्यातून प्रभुभोजन घेणारी माणसे लग्नसंबंध जुळवताना मात्र जातच पाहत राहिली, ही वस्तुस्थिती दलित ख्रिस्ती विचारवंतांनी परखडपणे मांडली. अनुसूचित जातींच्या सवलती धर्मांतरानंतर मिळत नसल्याने, विश्वास उघडपणे मांडण्यास अनेक कुटुंबे कचरतात. त्यांच्या बाबतीत साधना घराच्या आत राहते, कारण बाहेर नाव वेगळे असते.

अलीकडे एकत्र कुटुंबे कमी झाल्याने व नोकरीच्या वेळा बदलल्याने संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसणे कठीण झाले आहे. पुष्कळ घरांत जपमाळ रात्रीच्या जेवणानंतर किंवा फक्त ऑक्टोबर व मे या मरियेच्या महिन्यांत होते. प्रवासात बोटातल्या दहा टोकांच्या अंगठीवरही ती म्हटली जाते. सकाळची वचने आता मोबाईलवर येतात. २०२० च्या टाळेबंदीत चर्चची दारे बंद असताना मिस्सा व उपासना पडद्यावरून घरांत आल्या. पुढे चर्च उघडली, तरी आजारी व वृद्ध लोकांसाठी हे प्रक्षेपण अनेक ठिकाणी चालू ठेवण्यात आले आहे.