गाडी उभ्या उभ्या रेस का घेते?

सकाळी साडेसहाला दाजींचा फोन आला. "पाव्हणं, गाडी उभ्या उभ्या रेस घेतीया. आपसूक वर जातीया, आपसूक खाली येतीया."

दाजींची जुनी पेट्रोल व्हॅन रोज साताऱ्याहून कोरेगावला पाव-खारी पोचवते. गोडोलीत त्यांच्या दारात पोचलो तेव्हा ती न्यूट्रलमध्ये उभी होती. आवाज चढत जायचा, एकदम पडायचा, आता बंद पडते की काय असं वाटेपर्यंत खाली यायचा आणि पुन्हा चढायचा. या गाडीला आरपीएमचा काटा नाही, म्हणून हातातलं घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला २८ हेलकावे. पुन्हा मोजले, २७. सैल वायर किंवा पेट्रोलमधला कचरा असा ताल धरत नाही, त्यांचं वागणं वेडंवाकडं असतं. ठरावीक ताल ऐकू आला की समजावं, कोणीतरी इंजिनाला आवरतंय आणि कोणीतरी त्याला पुन्हा पळवतंय.

पळवणारी असते हवा. ॲक्सिलरेटर दाबला की पेट्रोल वाढतं अशी आपली समजूत असते, पण पेट्रोल गाडीत पायाखाली असते ती हवेची झडप, म्हणजे थ्रॉटल. हवा किती आली ते ताडून गाडीतला कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो, साधारण १ ग्रॅम पेट्रोलला १४.७ ग्रॅम हवा या हिशेबाने. तेव्हा पाय पेडलवर नसताना इंजिन जोरात पळत असेल, तर पहिला प्रश्न एकच: हवा कुठून येतेय?

झडप जवळजवळ मिटलेली असताना पिस्टन हवा ओढत राहतात. त्यामुळे झडपेच्या पलीकडे, म्हणजे इंजिनाकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत (मॅनिफोल्डमध्ये), दाब बाहेरच्या दाबाच्या एक तृतीयांशाच्या आसपास उतरतो. तिथल्या एखाद्या रबरी पाइपला चीर पडली की बाहेरची हवा आत घुसते. दाजींच्या गाडीसारख्या गाड्यांत कॉम्प्युटर हवा थेट मोजत नाही, मॅनिफोल्डमधला दाब मोजतो. चिरेतून हवा आली, दाब वाढला, की त्याला वाटतं ड्रायव्हरनेच हवा मागितली, आणि तो इमानाने तेवढं पेट्रोल देतो. इंजिन पळतं. (जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत हीच चीर मिश्रण पातळ करते, मग गाडी पळण्याऐवजी मिसिंग करते आणि बंद पडते.)

मग आवरतं कोण? यवतेश्वरचा घाट उतरताना आपण गिअरमध्ये पाय काढून घेतो. झडप मिटलेली, पण उतारामुळे इंजिन जोरात फिरत असतं. अशा वेळी कॉम्प्युटर पेट्रोल पूर्ण तोडतो, उतारावर ते जाळून उपयोग नसतो. वेग ठरावीक आकड्याखाली आला की पुन्हा सोडतो. घाटातला हा फार शहाणा नियम आहे. पण दारात उभ्या गाडीत चिरेच्या हवेने वेग त्या वरच्या आकड्यापर्यंत नेला, तर कॉम्प्युटरला घाट उतरल्यासारखाच भास होतो: झडप मिटलेली, वेग जास्त. तो पेट्रोल तोडतो. वेग पडतो, पेट्रोल परत येतं, चीर पुन्हा वेग चढवते. गच्चीवरच्या टाकीचा ऑटोमॅटिक स्विच वरच्या खुणेला मोटर बंद करतो आणि खालच्या खुणेला चालू, तसंच हे.

यंत्राच्या या हेलकाव्याला इंजिनिअर 'हंटिंग' म्हणतात. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला वेग आवरणारा, फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला. पुढे असे गव्हर्नर कधीकधी वेग स्थिर ठेवण्याऐवजी स्वतःच झोके घ्यायला लागत. ते कधी शांत होतात आणि कधी वाढत जातात याचं गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ मध्ये मांडलं. विहिरीवर ऑइल इंजिन चालवलेल्या जुन्या शेतकऱ्यांना गव्हर्नर अडकल्यावरचा तो आवाज अजून आठवत असेल.

दाजींना विचारलं, थंड गाडी कशी वागते? म्हणाले, "सकाळी चालू केली की नुसती जोरात चालतीया. पाच मिनटानं झोकं सुरू." ही मोठी खूण होती. इंजिन थंड असताना कॉम्प्युटर जास्त वेगाला मुभा देतो, पेट्रोल तोडण्याचा आकडाही वर ठेवतो. गरम झाल्यावर तो आकडा खाली येतो आणि भांडण जुंपतं. मी हेडलाइट आणि ब्लोअर चालू करायला सांगितलं. वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरवर भार आला, वेग थोडा उतरला आणि हेलकावे थांबले. वेग आता वरच्या आकड्याला पोचतच नव्हता.

आता जागा शोधायची. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलली, हँडब्रेक ओढला, बाह्या वर केल्या, पट्ट्यापासून हात लांब ठेवला. थ्रॉटल बॉडीवरून, म्हणजे झडपेच्या घरावरून, एअर फिल्टरचा मोठा पाइप काढला आणि तोंडावर तळहात गच्च दाबला. ही परीक्षा मला सगळ्यात आवडते, कारण निकाल तिथल्या तिथे लागतो. इंजिन लगेच मेलं, तर जास्तीची हवा याच तोंडातून येत होती: केबल ताणलेली असेल, झडपेवर काजळी असेल, नाहीतर आयडलिंगची (पेडलवर पाय नसतानाची) हवा कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह उघडाच अडकला असेल. इंजिन चालूच राहिलं, तर हवा झडपेच्या पलीकडून येतेय. दाजींची गाडी थोडी दबली, थरथरली, पण चालू राहिली.

मग एकेक रबरी पाइप फडकं गुंडाळलेल्या पक्कडीने चिमटत गेलो. ब्रेक बूस्टरचा चिमटला, फरक नाही. इंजिनातली वाफ परत ओढणारा, बोटाएवढा वाकडा पाइप चिमटला आणि आवाज झपकन खाली आला. खालच्या बाजूला, क्लॅम्पपाशी, रबर कडक होऊन फाटलं होतं. पेट्रोल किंवा क्लीनर फवारून लिकेज शोधणारे पाहिलेत. गरम सायलेन्सरच्या पाइपाशेजारी ते करू नये. इंजेक्शनच्या सिरिंजमधून पाण्याचे थेंब सोडले तरी आवाज बदलतो.

चीर नखाएवढी. पण हिशेब बघा. आठशे सीसीचं इंजिन ९०० आरपीएमला, एवढ्या कमी दाबात, मिनिटाला शंभरेक लिटर हवा घेतं. ३ मिलिमीटरच्या भोकातून पन्नास-साठ लिटर शिरते. आतला दाब बाहेरच्या निम्म्याहूनही कमी असल्याने भोकाच्या अरुंद जागी हवा तिथल्या ध्वनीच्या वेगाने धावते, आणि आत ओढ आणखी वाढली तरी त्याहून जास्त शिरू शकत नाही. आयडलिंगचा व्हॉल्व्ह पूर्ण मिटला तरी एवढी जास्तीची हवा तो वजा करणार कुठून?

नवा पाइप बसवला, हेलकावे गेले. पण आता हेडलाइट लावले की गाडी बंद पडू लागली. दाजींना आठवलं, आधीच्या फिटरने झडपेचा स्क्रू पिळून "स्लो कमी करून" दिलं होतं. चिरेची हवा लपवायला त्याने झडप तेवढी मिटवली होती. स्क्रूवर कारखान्यातल्या रंगाची पुसट रेघ होती. ती मूळ जागी जुळवली. हेडलाइट लावले, ब्लोअर लावला. इंजिन जरासं दबलं, सावरलं आणि एका सुरात चालत राहिलं.